कॉफीच्या यंत्रातले क्षार: व्हिनेगर, लिंबूसत्त्व की लिंबू?



बोअरच्या पाण्याचा पांढरा थर आपल्यापैकी कुणाला चुकलाय? बादलीच्या काठावर, नळाच्या तोटीवर, गिझरच्या पोटात, इस्त्रीच्या भोकांत, जिथे पाणी तिथे तो. तुरीची डाळ शिजायला वेळ लावते, साबणाला फेस येत नाही, केस धुतले तरी चिकट राहतात. आमच्या सोलापुरात उजनीचं पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी भरून ठेवायचं आणि ते पुरवून पुरवून वापरायचं. बाकी सगळं बोअरवर. त्यामुळे या थराशी आमची जुनी ओळख आहे.

आता बऱ्याच घरांत सुना-मुलींबरोबर कॉफीचं यंत्र आलंय आणि तो थर त्याच्या आतही बसायला लागलाय. तो कशाने काढायचा हा प्रश्न दिसायला साधा आहे. बाकीच्या घरांत कुणीतरी व्हिनेगर ओततं आणि विषय संपतो. आपल्या घरांत तिथे तो सुरू होतो. आमच्याकडे तर या एका कारणावरून आठ दिवस अबोला झाला आणि शहाऐंशी वर्षांच्या सासूबाई सकाळी उपाशी राहू लागल्या. म्हणून या विषयाचा मी जरा मुळापर्यंत शोध घेतला. जे हाती लागलं ते तुमच्यासाठी लिहिते आहे.

थर म्हणजे काय

पाऊस जमिनीत मुरतो तेव्हा खडकातला चुना थोडा थोडा विरघळवून घेतो. शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला दुष्फेन पाणी म्हणायचे, आपण जड पाणी म्हणतो. पाण्यात तो चुना कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपात विरघळलेला असतो, म्हणून डोळ्यांना दिसत नाही. पाणी तापलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि मागे न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट उरतं. तोच आपला पांढरा थर. खडू तोच, संगमरवर तोच, शहाबादी फरशीतही मुख्यतः तोच. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

भारतीय मानक ब्यूरोच्या नियमात पिण्याच्या पाण्याचं जडत्व लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतं असं म्हटलं आहे. आमच्या सोसायटीने बोअरचं पाणी तपासलं तेव्हा ५४० आलं. मी कॉमर्सची, त्यामुळे लगेच हिशेब मांडला. यंत्रात रोज एक लिटर पाणी गेलं तर महिन्याला सोळा ग्रॅम क्षार त्यातून जातात. सगळे आत बसत नाहीत, पण त्यातला चौथा हिस्सा बसला तरी वर्षभरात पन्नास ग्रॅमच्या घरात जातो. आणि तो बसतो कुठे, तर बोटभर जाडीच्याही नसलेल्या नळीत.

आमचं यंत्र साधं आहे, थेंब थेंब कॉफी पाडणारं. मागे पाण्याची टाकी, खाली एक वाकवलेली नळी आणि तिला चिकटलेली तापणारी कांडी. नळीतलं पाणी उकळलं की वाफेचे बुडबुडे पाण्याला वर ढकलतात आणि ते कॉफीच्या पुडीवर पडतं. बऱ्याच स्वस्त यंत्रांत ही नळी ॲल्युमिनियमची असते. आत थर बसला की तीन गोष्टी होतात: वाट अरुंद होते, उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही, आणि पाणी परत टाकीत जाऊ नये म्हणून बसवलेला छोटासा वॉल्व अडकतो. मग यंत्र घरघर आवाज करतं, जिथे सात-आठ मिनिटं लागायची तिथे वीस लागतात, कॉफी कोमट आणि पाणचट येते. यंत्र बिघडलं असं समजून पुष्कळ जणी ते भंगारात देतात. खरं तर ते फक्त आतून धुवायचं असतं.

आमच्या घरी काय झालं

आमची सूनबाई हासनकडची. तिच्या माहेरी कॉफीच्या बागा आहेत, त्यामुळे चहा तिला औषधासारखा वाटतो. तिने यंत्र आणलं आणि बिनचिकोरीची पूड माहेरहून मागवायला सुरुवात केली. चिकोरी हे मुळापासून करतात, हे आमच्या घरात तिच्यामुळेच कळलं. तिने मुळाची पूड घरात येऊ दिली नाही हे पाहून सासूबाई तिच्यावर खूश झाल्या, आणि रोज देवदर्शन करून आल्यावर अर्धा कप कॉफी घ्यायला लागल्या. त्यांचं खाणं आता चिमणीसारखं झालंय. सकाळी रक्तदाबाची गोळी असते आणि डॉक्टरांनी सांगितलंय की रिकाम्या पोटी गोळी नको. ती अर्धा कप दुधाची कॉफी आणि एक खाकरा हा त्या गोळीचा आधार होता.

फाल्गुनात यंत्र घरघरायला लागलं. सूनबाईने पुस्तिका वाचली, व्हिनेगरची बाटली आणली आणि दुपारी यंत्र धुऊन ठेवलं. सगळं व्यवस्थित केलं. पण वास राहिला. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी कप नाकाजवळ नेला आणि विचारलं, "हे कसलं?" तिने खरं ते सांगितलं.

सासूबाईंनी कप खाली ठेवला. रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "त्यात आसव गेलं. मला आता त्यातलं नको."

मद्य, मांस, मध आणि पाच उदुंबर फळं यांचा त्याग हे आपले मूलगुण. व्हिनेगर म्हणजे आधी मद्य आणि मग ते आंबून झालेलं आम्ल, हे त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं. त्यांच्या हिशेबाने ते भांडंच बाटलं. सूनबाईला ते लागलं. "मी खायला घातलं का, आई? मी धुतलं," असं म्हणून ती आत गेली. संध्याकाळी तिने यंत्र पुसून खोक्यात घातलं आणि माळ्यावर टाकायला निघाली.

तीन दिवस सासूबाईंनी नुसत्या पाण्याबरोबर गोळी घेतली. दूध दिलं तर पचत नाही म्हणाल्या, चहा त्यांनी पूर्वीच सोडलेला. चौथ्या दिवशी मंदिरातून येताना जिन्यात त्यांना भोवळ आली. शेजारच्या मुलाने धरलं म्हणून थोडक्यात निभावलं. त्या रात्री मी ठरवलं की आता कुणाचं बरोबर हा वाद बाजूला ठेवायचा आणि आधी वस्तू काय आहे ते नीट बघायचं.

बाटलीवर काय लिहिलं होतं

चष्मा लावून मी व्हिनेगरच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं. त्यावर सिंथेटिक असा शब्द होता, आणि ॲसिटिक ॲसिडपासून तयार केलेलं असं स्पष्ट लिहिलं होतं. मैत्रिणींनो, हे आपल्यापैकी पुष्कळ जणींना ठाऊक नसतं. आपल्याकडे व्हिनेगर दोन प्रकारचं मिळतं. एक फळांचा रस, ऊस वगैरे आंबवून केलेलं. त्यात आधी मद्य होतं आणि मग त्याचं आम्ल होतं. दुसरं सिंथेटिक, म्हणजे कारखान्यात रसायनांपासून केलेलं ॲसिटिक ॲसिड पाण्यात पातळ करून भरलेलं. आपल्या अन्न नियमांप्रमाणे तसं बाटलीवर लिहावंच लागतं. किराणा दुकानातलं स्वस्त पांढरं व्हिनेगर बहुतेक करून हेच असतं. त्यात आंबवणं नाही, मद्य नाही.

सूनबाईला हे दाखवलं तेव्हा तिचा चेहरा उजळला. "बघा, म्हणजे आसव नव्हतंच!" मी म्हटलं, थांब. आधी लिंबूसत्त्वाचंही बघू, कारण पुढच्या वेळी तू तेच आणणार आहेस.

आणि तिथे गंमत झाली. आपण सगळ्या जणी ज्याला लिंबूसत्त्व किंवा लिंबूफूल म्हणतो, ढोकळ्यात घालतो, सरबतात घालतो, ते सायट्रिक ॲसिड आज लिंबापासून बनत नाही. १७८४ साली शील नावाच्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने ते पहिल्यांदा लिंबाच्या रसातून वेगळं काढलं, आणि नंतर बराच काळ इटलीतल्या लिंबांपासून ते तयार होत होतं. पण १९१७ साली जेम्स करी या अमेरिकन संशोधकाने दाखवलं की एक काळी बुरशी साखरेच्या पाण्यात वाढवली तर ती भरपूर सायट्रिक ॲसिड बनवते. १९१९ साली फायझर कंपनीने त्या पद्धतीने उत्पादन सुरू केलं. आजही जगातलं जवळजवळ सगळं सायट्रिक ॲसिड मळी किंवा साखरेच्या पाकावर बुरशी वाढवूनच करतात. नंतर बुरशी गाळून काढतात आणि ॲसिडचे शुद्ध खडे करतात. पुडीवर हिरवा ठिपका असतोच, पण तो फक्त मांस-अंडं नाही एवढंच सांगतो. आंबवलंय की नाही हे तो सांगत नाही.

म्हणजे ज्याला आसव म्हणून नाकारलं त्यात आंबवणं नव्हतं, आणि ज्याला लिंबाचं म्हणून डोळे मिटून घेतो त्यात बुरशी होती.

सासूबाईंपुढे हिशेब मांडला

मला दोन रस्ते होते. एक, सूनबाईची बाजू जिंकून द्यायची: बाटली दाखवायची आणि लिंबूसत्त्वाबद्दल गप्प राहायचं. दुसरा, दोन्ही पानं उघडी ठेवायची. ताळेबंदात एकच बाजू दाखवली तर तो ताळेबंद राहत नाही. आणि सासूबाईंनी साठ वर्षं जो नियम पाळला तो त्यांचा आहे. तो कुठे लागू होतो हे ठरवायचा अधिकारही त्यांचा. म्हणून मी जेवणानंतर त्यांच्याजवळ बसले आणि दोन्ही गोष्टी सांगितल्या. सूनबाई दाराशी उभी होती.

त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "म्हणजे नाव लिंबाचं आणि जन्म बुरशीचा?"

"हो, आई."

"आणि ढोकळ्यात आपण तेच घालतो?"

"हो."

बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मला वाटलं आता ढोकळाही बंद. मग सूनबाईकडे बघून म्हणाल्या, "अगं, इकडे ये. तू धुतलंस ते चांगल्यासाठीच धुतलंस. तुझ्यावर माझा राग नाही. पण वास आला ना, की माझं मन त्या कपापाशी अडतं. या वयात मनाला किती ओढू?"

हे ऐकून सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने विचारलं, "मग आजी, तुमची कॉफी मी वेगळी केली तर? आमच्या घरी पितळेचं फिल्टर आहे, वरून गरम पाणी ओततात. त्याला यंत्र लागत नाही."

तसंच ठरलं. तिच्या आईने फिल्टर पाठवलं. आत कल्हई केलेलं, खाली भांडं, वर भोकाभोकांचं भांडं. सासूबाईंची अर्धा कप कॉफी त्यात होते. यंत्रातली कॉफी त्यांनी आजतागायत घेतली नाही, आणि कुणी आग्रहही केला नाही. लिंबूसत्त्व मात्र त्यांनी स्वतःच्या खाण्यातून काढून टाकलं. ढोकळ्यात आता लिंबाचा रस जातो आणि तो आधीपेक्षा बरा लागतो, हे मला मान्य करावंच लागेल. इतरांना त्यांनी मनाई केलेली नाही. तुमच्या घरी तुमचे नियम, तुमच्या संघाची पद्धत वेगळी असेल. महाराजांना, माताजींना विचारून ठरवा. मी फक्त वस्तूंची माहिती दिली.

खरा उपाय सासूबाईंच्या पातेल्यात निघाला

त्याच संध्याकाळी त्यांनी एक प्रश्न विचारला. "ते पांढरं यंत्रात बसतं कशाला? माझ्या तांब्यात तर कधी बसत नाही."

सासूबाई उकळलेलं पाणीच पितात. पाणी आधी दुहेरी कापडातून गाळायचं, मग चांगलं खळखळ उकळायचं, निवलं की पुन्हा गाळून तांब्याच्या कळशीत भरायचं. बोअरमध्ये जीवाणी परत कशी पोचवायची हा त्यांचा जुना सल आहे, तो वेगळा. पण आता बघा, वर सांगितलेली गोष्ट इथे लागू पडते. पाणी उकळलं की चुना खाली बसतो. म्हणजे त्यांच्या पाण्यातला तो क्षार पातेल्यातच राहतो आणि उरलेली पांढरी भुकटी कापडात अडकते. कळशीत येतं ते पुष्कळसं हलकं झालेलं पाणी. सोसायटीच्या किटने मोजून पाहिलं, जडत्व बरंच उतरलं होतं. सगळं उतरत नाही, कारण सल्फेट आणि क्लोराइडचे क्षार उकळूनही जात नाहीत. पण यंत्रात थर धरतो तो मुख्यतः उकळल्यावर बसणारा चुनाच.

तेव्हापासून यंत्रात तेच पाणी घालतो. थर आता पातेल्यात बसतो. पातेलं उघडं असतं, हात जातो, घासता येतं. नळीत हात जात नाही. फाल्गुनापासून सहा महिने झाले, यंत्र एकदाच धुवावं लागलं, एरवी दीड महिन्याला धुवावं लागलं असतं. गॅस थोडा जास्त लागतो, पण सासूबाईंसाठी पाणी उकळतच होतो, त्यात आणखी एक लिटर. काही जणी म्हणतील आरओचं पाणी घाला. त्यानेही थर धरत नाही हे खरं, पण घरगुती यंत्रात एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत जातं. पाण्याच्या जिवांचा विचार करणाऱ्या घरात ते सोडायचं असेल तर निदान भांडी-फरशीला वापरा.

तरी धुवायची वेळ आलीच तर

माझ्या वहीतला हिशेब देते. एका वेळेला साधारण पंधरा ग्रॅम सायट्रिक ॲसिड लागतं. आमच्या दुकानातल्या भावाने ते नऊ-दहा रुपयांत होतं. व्हिनेगर निम्मं आणि पाणी निम्मं घ्यायचं, म्हणजे अर्धी-पाऊण बाटली, चाळीस-पन्नास रुपये. दुकानात मिळणारं तयार डिस्केलिंगचं द्रावण आमच्याकडे एका वेळेला अडीचशे-तीनशेला पडलं. लिंबाच्या रसात साधारण पाच टक्के सायट्रिक ॲसिड असतं, म्हणजे पंधरा ग्रॅमसाठी तीनशे मिली रस, चांगली दहा लिंबं. उन्हाळ्यात ती महाग पडतात, आणि रस पातळ फडक्यातून दोनदा गाळला नाही तर गर नळीत अडकतो. शिवाय अष्टमी-चतुर्दशीला हिरवं सोडणाऱ्यांनी त्या दिवशी हा घाट घालू नये.

तयार द्रावणाच्या बाटलीत काय असतं हे वाचूनच घ्या. काहींत सायट्रिक ॲसिड, काहींत लॅक्टिक ॲसिड असतं, आणि तेही बहुतेक साखर आंबवूनच होतं. काहींत सल्फॅमिक ॲसिड असतं. ते आंबवलेलं नसतं, रासायनिक आहे. आंबवलेलं अजिबात नको असा ज्यांचा नियम आहे त्यांना ते किंवा सिंथेटिक व्हिनेगर चालू शकेल. मात्र सल्फॅमिक तेज असतं, हातमोजे घाला आणि सांगितलेलं प्रमाण ओलांडू नका.

कृती अशी. आधी यंत्राची पुस्तिका बघा, कारण काही कंपन्या व्हिनेगर चालतं म्हणतात, काही नको म्हणतात. त्याचा वास रबराच्या रिंगांत राहतो. कॉफीची चाळणी काढून घ्या, टाकीत कोळशाचा फिल्टर असेल तर तोही काढा. एक लिटर पाण्यात सपाट मोठा चमचाभर सायट्रिक ॲसिड पूर्ण विरघळवा. टाकीत घालून यंत्र सुरू करा, निम्मं पाणी खाली आलं की बंद करा. वीस मिनिटं तसंच राहू द्या, मग उरलेलं जाऊ द्या. आत बुडबुडे येतात ते चुना विरघळत असल्याचे. त्यानंतर दोन टाक्या साधं पाणी चालवा. चव घेऊन बघा, आंबट लागलं तर आणखी एक. आम्ल रात्रभर आत ठेवू नका, ॲल्युमिनियमची नळी खाल्ली जाते. आणि थर जाड असेल तर एकदाच दामदुप्पट आम्ल घालण्यापेक्षा दोन दिवसांनी पुन्हा पातळ द्रावण चालवा.

खाण्याचा सोडा यात घालू नका. सोडा आणि आम्ल मिसळलं की फेस छान येतो, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि थर तसाच राहतो. संडास धुवायचं ॲसिड तर यंत्राजवळही नेऊ नका. आणि ब्लीचमध्ये कुठलंही आम्ल कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

पाणी टाकताना

बाहेर आलेलं पाणी गरम असतं. ते तसंच मोरीत ओतायचं नाही, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. मोरीतल्या जिवांचा विचार म्हणून निवू द्यायचं. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांत प्रमादचर्या आहे, म्हणजे कारण नसताना पाणी, माती, अग्नी, वनस्पती यांना त्रास देणं. यंत्र धुवायला तीन लिटर पाणी जातं. ते सरळ ओतून दिलं तर प्रमाद, कामाला लावलं तर नाही, असं मी मनाशी धरते. निवलेलं पहिलं आंबट पाणी बाथरूमच्या नळांवर आणि स्टीलच्या बादलीच्या काठावर फडक्याने लावते, तिथलाही थर निघतो. नंतरचं पाणी संडासात वापरते.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने सांगते. हे पाणी शहाबादी फरशीवर, संगमरवरी ओट्यावर सांडू देऊ नका. सुरुवातीला म्हटलं ना, थर आणि संगमरवर मूळचे एकच. जे आम्ल थर खातं ते संगमरवरही खातं. मंदिराची सेवा करणाऱ्या मैत्रिणींना तर हात जोडून विनंती, वेदीवर, पायऱ्यांवर, संगमरवरी मूर्तीवर पाण्याचे डाग दिसले म्हणून लिंबू, व्हिनेगर, लिंबूसत्त्व काहीही लावू नका. डाग जातो आणि त्याबरोबर दगडाची झिलईही कायमची जाते. तिथे गाळलेलं साधं पाणी आणि लगेच कोरडं फडकं, एवढंच.

रोजचं

यंत्रात रात्री पाणी भरून पहाटेचा टायमर लावायची सोय असते. आमच्याकडे ती बंद आहे. गाळलेल्या पाण्याची मर्यादा अठ्ठेचाळीस मिनिटांची, उकळलेल्याची चोवीस तासांची. टाकीत रात्रभर उभ्या पाण्याचा त्यात हिशेब बसत नाही, आणि सूर्योदयाआधी कॉफी लागावी एवढी घाई घरात कुणाला नाही. कॉफी झाली की चोथा लगेच काढून कुंडीत घालते. ओला चोथा झाकणाखाली राहिला तर दुसऱ्या दिवशी त्यावर बुरशी दिसते. मग टाकी उलटी करते, पुसते आणि झाकण उघडं ठेवते. हे सगळं पाच मिनिटांचं काम आहे. यत्नाचाराने यंत्रही टिकतं आणि जीवही वाचतात.

पर्युषण जवळ आलंय. दशलक्षणात आमच्याकडे यंत्र धुऊन, पुसून, कोरडं करून कपाटात जातं आणि क्षमावाणी झाल्यावर बाहेर येतं. यंदाही सूनबाई ते परवा धुणार आहे, सासूबाईंच्या पातेल्यातल्या पाण्याने. तुम्हीही पर्वाआधी एकदा आपापलं यंत्र, केटली, गिझर बघून घ्या. आणि घरात कशाने धुतलं हे ज्यांना जाणून घ्यायचं असतं, त्यांना धुण्याआधी सांगा.

जय जिनेंद्र.